मावशीचं दहापैकी दहा

अगं, तेव्हा रत्नागिरीत मी नर्स होते. पंच्याऐंशीच्या आसपास आमच्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीवर नव्या गोळीची चाचणी लावली होती. खरी गोळी कुणाला, खोटी कुणाला, आम्हालाही ठाऊक नसायचं. पूर्णगडची सुंदरामावशीही त्या चाचणीत होती. ती मासे विकायची, पण कंबरेमुळे सात वर्षं तिची पाटी सूनच उचलायची.

दर आठवड्याला मी विचारायचे, "मावशी, दहापैकी किती दुखतंय?"

"धा!"

पाचव्या आठवड्यात बघते तर काय, पाटी मावशीच्या डोक्यावर आणि सून मागून रिकाम्या हातांनी! मी ओरडलेच. डॉक्टर खुर्ची सोडून धावत आले.

"मावशी, आज किती?"

तिनं दोन्ही हातांनी कंबर चाचपली. "थांबा हां डाक्टर, कुठं दुखायचं ता आठवू देत!"