कुशलच्या गाडीतला दिवा

टण्, टण्, टण् — तो डबा अजून कानात हाय बघ माझ्या. वीस-बावीस वर्षं झाली असतील, नाय का रे मंगळ्या? धुकं असं की पुढं नाळेवर, बोटीच्या टोकाला उभा माणूस दिसत नव्हता, आणि तू पहाटेपासून ऊन येईपर्यंत रॉकेलचा डबा बडवत बसलेलास, कुठलं मोठं जहाज आपल्या बोटीवर येऊ नये म्हणून. हाताची सालटी निघाली तुझ्या. मी म्हटलं, बस कर आता, तर म्हणालास, तांडेल, तुमी जाळं बघा. — आणि आता इथं बोईसरला, भंगारातल्या गाड्या खोलतोस. बरा हायस ना? जेवतोस ना वेळेवर? नको सांगूस, राहू दे.

दिवा पायजे होता एक. गाडीतला, छताचा. आमच्या कुशलच्या गाडीचा — तुला काय सांगायचं, दर रविवारी आमच्या दारात तूच धुवायचास ती. जुनाच दे, वापरलेला. नवा आणायचा तर कुशलला विचारावं लागतं, आणि विचारलं की तो बोट दाखवतो वर — बघा बाबा, तुमच्या मंगळ्याचं काम. दोन वर्षं झाली, दर रविवारी तेच. दिवा काढून विकला म्हणतो. गावात पण तेच पसरलं, आपल्या मुरब्यात एका बोटीनं घेतलं नाय तुला. मला ठाऊक हाय रे. सगळं ठाऊक हाय. म्हणून म्हणतो, ते भोक बुजलं की बोलायचा थांबेल.

असं कर ना — रविवारी तूच येऊन बसव. म्हण, चूक झाली शेट. एवढंच. तूच खांद्यावर बसवून बंदरावर नेलेलं पोर ते, माफ करील. मग मी बोटवाल्यांना सांगतो, मंगळ्याला परत — हसतोस कशाला?

बरं, कुठला तो? हा, हाच. — अरे, असा नको काढू, पुढनं नको, स्क्रूड्रायव्हर मागच्या बाजूनं घाल. पुढनं ओढलास तर कोपऱ्यातली खुंटी आधी मोडते, मग सगळा दिवा तारेसकट हातात —

काय बघतोस?

मीच. होय, मीच ओरबाडला. आदल्या संध्याकाळी पालघरच्या डॉक्टरकडनं कुशलनं मला आणलं, ओटीवर सोडलं. तो आणि सून, रिद्धी, गाडीतच होती. रिद्धीनं आतला दिवा लावला. काचेच्या पेटीत ठेवल्यावानी दिसत होती दोघं, सुंदर. मी हात हलवायला उचलला — आणि कुशल मागं वळून मी बसलो होतो त्या सीटवर वास घालवायचं औषध मारायला लागला. सीटवर मारलं. पट्ट्यावर मारलं. दाराची मूठ, मी धरलेली, तिच्यावर पण. दोनदा साबण लावला होता रे मी त्या दिवशी, डॉक्टरकडं जायचं म्हणून. बोंबील सुकवून शिकवला त्याला, आणि त्यालाच — जाऊ दे. सकाळी सगळी झोपलेली, मी गाडीत शिरलो. ते सगळं दाखवणारा दिवा ओढून खाडीत टाकला. तासाभरानं तू आलास बादली घेऊन.

तुझ्यावर ओरडला तेव्हा मी तिथंच होतो. तू माझ्याकडं बघितलंस. मी चहाच्या कपात बघत राहिलो. का काढला, ते सांगावं लागलं असतं ना — मग तो लाजेनं यायचाच बंद झाला असता. आमा दोघांना, मंजुळाला आणि मला, एवढा रविवारच हाय. वाटलं, मंगळ्या सोसेल. मंगळ्यानं काय काय सोसलंय, हेही सोसेल.

सांगीन मी त्याला. देवाशपथ सांगीन. या रविवारी नको — रिद्धीचे आईबाप यायचे हायत जेवायला, त्यांच्यासमोर कसं बोलायचं? त्याच्या पुढच्या रविवारी, मंजुळाच्या पायाला जरा बरं वाटलं की — अरे, दिवा परत ढिगात कशाला टाकलास? मंगळ्या? ऐक ना, मी काय म्हणतो, पुढच्या रविवारी नक्की — मंगळ्या, अरे —