गल्लीतलं हळदीकुंकू

अफझलगंजच्या आमच्या भांड्यांच्या गल्लीत दर शुक्रवारी संध्याकाळी गाड्या बंद असतात ना, त्याचं मूळ माझ्या हळदीकुंकवात आहे बरं का!

बाहेरचा माल नुकताच यायला लागला होता. आबिड्सला काचेच्या दारांची चकचकीत दुकानं निघाली आणि आमच्याकडे बायका फिरकेनात. हे म्हणाले, "रथसप्तमी झाली की दुकान विकून टाकू."

मी म्हटलं, "देवीला बोलले आहे, यंदाचं हळदीकुंकू दुकानाच्या दारात करीन. मग काय ते विका."

मी एकच सतरंजी अंथरली होती. पण मलकपेठच्या मैत्रिणी आपल्या तेलुगू शेजारणींनाही घेऊन आल्या. सतरंज्या वाढत वाढत गल्लीच्या तोंडाशी गेल्या. स्कूटरवाले हॉर्न वाजवून थकले.

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, रस्ता अडवलास! गिऱ्हाईक येणार कुठून?"

"बसलंय की समोर!"

गाड्यांची धास्ती नाही म्हटल्यावर बायका वाण घेऊन निवांत दुकानादुकानांत शिरल्या. दिवेलागणीपर्यंत ह्यांना चहाला फुरसत मिळाली नाही. समोरचे बांगडीवाले चाचा म्हणाले, "भाभी, ये पूजा हर जुम्मे को करो ना!"

शुक्रवार देवीचाच, मी कशाला नाही म्हणू? व्यापाऱ्यांनीही मान डोलावली. दुकान राहिलं. गल्लीच्या तोंडाशी दोरी आता हेच बांधतात. परवा एक स्कूटरवाला भांडायला लागला, तर हे त्याला म्हणाले, "मियाँ, उतर के चलो. औरतां सौदा कर रहे!"

रस्ता अडवला म्हणून कोण ओरडलं होतं, ते मी विचारलं नाही. देवीपुढे नारळ मात्र फोडला.