तळ्यावरची फवारणी

जलपर्णीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या देवळीकडच्या गावचं तळं तिनं पार झाकून टाकलं होतं. गावातली माणसं ती हातानं उपटायची, पण आठवड्यात पुन्हा तेवढीच उगवायची. मला वाटलं, एवढी मेहनत कशाला? घरात तणनाशक पडलं होतं. ते पंपात भरलं आणि कोणाला न विचारता तळ्यावर फवारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशीत पाहायला गेलो, तर काठाला मेलेल्या मासोळ्यांचा थर. तळ्यात मासोळीचं बीज सोडणारे सुखदेवभाऊ गुडघाभर पाण्यात नुसते उभे होते.

"सुखदेवभाऊ, म्याच फवारलं," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पलीकडच्या काठाकडे हात करून ओरडले, "ते मंग सांगजो! पहिले ढोरं हाकल, पाणी पियाले उतरून राह्यली!"

मी जीव खाऊन धावलो. दिवसभर आम्ही दोघं दोन काठांवर ढोरं अडवत उभे राहिलो. एकही ढोर दगावलं नाही. संध्याकाळी मी माफी मागायला तोंड उघडलं, तर भाऊ म्हणाले, "उद्या सकायी येजो. मेलेल्या मासोया काढा लागन."