रक्ताला आलेली सूज

दुर्गाचे आईवडील आणि डोणगावचे ग्रामस्थहो,

नऊ वर्षांच्या मुलीच्या शोकसभेत कोणते शब्द योग्य ठरतात, मला ठाऊक नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. आज उभे राहणेही जड जाते आहे. तरी बोललेच पाहिजे. आपल्या गावात एक असत्य फिरते आहे. रक्त तपासणाऱ्या अन्वरने सारखे रक्त काढले, म्हणून मुलगी गेली, असे आपण म्हणता.

हे खोटे आहे. पुन्हा सांगतो, खोटे आहे.

बीटी कापसाने भरलेली ट्रॉली वळणावर उलटली. वर बसलेली दुर्गा खाली आली. मऊ कापसावर पडली, पाय मोडला पण वाचली, असे आपण सगळेच म्हणालो. ट्रॉलीची कड तिच्या पोटावर आणि मांडीवर आली होती, हे त्याच कापसाने झाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी मेहकरच्या दवाखान्यात ती मला म्हणाली, "सर, माह्या प्लास्टरवर सही करसान ना? इंग्रजीत करजा. वर्गातल्या पोट्ट्या जळतीन!"

तेवढ्यात अन्वर कागद घेऊन आला. "सर, रक्तात सूज वाढून राह्यली. कालच्याहून लय जास्त. डॉक्टर म्हनतात, आताच अकोल्याले न्या."

मी काय म्हणालो? "अन्वर, सूज अवयवाला येते, रक्ताला नाही. शब्द नीट वापर." भोवतालचे हसले. अन्वरने कागदाची घडी घातली.

तिची आई, सुनंदाबाई, म्हणाल्या, "पन सर, तिले सकायपासून लघवी नाही झाली." मी ऐकले. विचारात घेतले नाही.

तिच्या वडिलांनी, गजाननने, विचारले, "सर, तुमीच सांगा. नेऊ का?"

मुलगी बोलते आहे. सूज कुठे दिसत नाही. मोडलेल्या पायाला रस्त्याचे धक्के बसतील. सबब उद्यापर्यंत थांबा. असे मी म्हणालो. मी, अन्वर नव्हे.

सकाळी तिची मूत्रपिंडे थांबली होती. अकोल्याला पोहोचेपर्यंत श्वासही ढासळला. तिथल्या डॉक्टरांनी मला समजावले, की मोठ्या दुखापतीनंतर शरीर आतून पेटते, आणि मार न लागलेले अवयवही त्यात होरपळतात. बाहेर काही दिसत नाही. रक्तात दिसते.

अन्वरचा शब्द ढोबळ होता, अर्थ अचूक होता. माझा शब्द अचूक होता. आणि अर्थ?

त्याच दुपारी नेले असते तर दुर्गा वाचली असती, हे मी सिद्ध करू शकत नाही. तिच्या वाचण्याच्या वेळेतला एक दिवस मी घेतला, हे नाकारूही शकत नाही. गजानन, सुनंदाबाई, क्षमा मागण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे तुम्ही ठरवा.

अन्वर, तू तिथे चपलांपाशी का बसला आहेस? पुढे ये. माझ्या खुर्चीवर बस. त्या दुपारी मी तुला गप्प केले. आता मी गप्प होतो.

ग्रामस्थहो, उभे राहू या.

दुर्गा, सही राहिली, बाळ.