बिनमाइकचं यंत्र

(सायगॉन. न्हात ताओ बाजारातलं जुन्या यंत्रांचं दुकान. तोआन, त्याची बायको लुआ आणि दुकानाच्या मालकीण उत काकू.)

लुआ: तोआन, एका जागी उभा राहा ना. सारखा दाराशी काय जातोस?

तोआन: गाडी बघतोय. उचलून नेतील.

लुआ: गाडी आहे तिथेच आहे. काकू विचारताहेत, कुठला अ‍ॅम्प्लिफायर बांधू?

उत काकू: होऊ द्या सावकाश. पण पोरा, दोन्हींवरून इतका हात फिरवलास की माझी धूळ पुसायची राहिली नाही.

तोआन: हा काळा, काकू. कराओकेचा. चार माइक लागतात याला.

लुआ: मला चंदेरी हवाय.

तोआन: त्याला माइकचं एक भोक नाही, लुआ. अख्ख्या गल्लीत असला कुणाकडे नसेल. लोक विचारतील, बिघडलेला आणलास का?

उत काकू: जपानमधून आलाय. तिकडे माणसं नुसती ऐकतात म्हणे. आणि तिकडची वीज कमी दाबाची, तेव्हा मध्ये हा ट्रान्सफॉर्मर लावायचा. थेट भिंतीत खुपसलात तर धूर निघेल.

तोआन: घ्या. वर आणि ही कटकट.

लुआ: ती मी सोसेन.

उत काकू: स्पीकर कसले आहेत?

लुआ: लहानसे. घेतल्यापासून मुके बसलेत, त्यांच्यावर पोरीचे लंगोट वाळतात.

उत काकू: मग काळा जपून वापरा. पिऊन कुणी माइकमध्ये ओरडलं की लहान स्पीकरचा पडदा फाटतो. तेतचा, नव्या वर्षाचा सण उलटला की माझ्या दारात रांग लागते.

तोआन: आमच्याकडे कोण ओरडणार आहे?

लुआ: रविवारी कुणाला बोलावलंयस?

तोआन: दादाला.

लुआ: एकट्याला?

तोआन: दादा, त्याचे मेहुणे, कारखान्यातले दोघं-चौघं. दादानं माइक घेऊनसुद्धा ठेवलेत.

लुआ: म्हणजे सगळं ठरलंय. तोआन, माझ्या बापाकडे असंच काळं यंत्र होतं. त्याची मंडळी गात बसायची आणि आई पहाटेपर्यंत त्यांच्या बिअरसाठी बर्फ फोडायची, मग ओकाऱ्या पुसायची. मी शेजाऱ्यांच्या न्हाणीत बसून अभ्यास केलाय. लग्नाआधी तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं, आपल्या घरात हे नको. तू हो म्हणालास.

तोआन: म्हणालो होतो.

लुआ: मग?

तोआन: मग काय. भावांत मी शेंडेफळ. दादाकडे माझ्या हातात माइक येतो तोवर निम्मे घोरत असतात आणि उरलेले चपला शोधत असतात. एकदा तरी माझ्या घरात पहिलं गाणं मला म्हणायचंय. फार मागतोय का मी?

उत काकू: गातोस कसा रे?

लुआ: चांगला गातो.

तोआन: तू कुठे ऐकलंस?

लुआ: रोज ऐकते. भांडी घासताना गातोस. पोर त्यावरच झोपते. नळ बंद झाला की मला वाईट वाटतं.

तोआन: कधी बोलली नाहीस.

लुआ: बोलले असते तर लाजून थांबला असतास.

उत काकू: फोन वाजतोय बघ तुझा.

तोआन: दादाच. हॅलो... हो, दुकानातच आहे... घेतला. चंदेरी... नाही दादा, माइक लागत नाही त्याला... छे, फसवलं नाही कुणी, मीच निवडला... म्हणजे काय, ये ना रविवारी. वहिनीला आण, पोरांना आण... बिअर नको. लुआ मासा करेल... बरं, ठेवतो.

उत काकू: चंदेरी बांधते. ट्रान्सफॉर्मर विसरू नका.

लुआ: काय म्हणाले?

तोआन: चिडलाय. म्हणतो, मग गाणार कोण?

लुआ: जेवणं झाली की भांडी तुझ्याकडेच आहेत.