लेक फेरीचा ऑरोरा

वेलिंग्टनच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मराठी जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता.

"इरा, आज रात्री आकाशात ऑरोराचा रंगीत प्रकाश दिसणार, असा अलर्ट आलाय. बसनंच आयलंड बेच्या किनाऱ्यावर जाऊ."

"तिथे रस्त्यावरचे दिवे आहेत, श्रीनाथ. मागच्या वेळी फोनच्या फोटोत गुलाबी आलं आणि डोळ्यांना नुसतं राखाडी दिसलं. घाटापलीकडच्या लेक फेरी गावाला जायचं. समोर नुसता समुद्र, सगळा काळोख."

"अगं, पण गाडी कोण चालवणार?"

"मी."

"मध्ये रेमुटाकाचा घाट आहे. तिथे आपला अपघात झाल्यापासून तू स्टीअरिंगला हात लावलेला नाहीस."

"लावला. शनिवारी."

"शनिवारी तू सुरेखाकडे गेली होतीस ना?"

"तुला तसं सांगितलं. घाट चढून उतरून आले."

"एकटी? त्याच वळणावरून?"

"त्याच. पुढे गाडी बाजूला घेतली, हीऽप्स रडले, अगदी ढसाढसा, आणि मग गेले पुढे."

"मला सांगायचंस तरी."

"तू जाऊ दिलं नसतंस."

"...नसतं दिलं."

"मग?"

"आणि ढग आले तर?"

"तर ढग बघू. पण आज जायचंच."

"बरं. मागच्या सीटवर पाय लांब करून बसतो. घाटात एक शब्द बोलणार नाही."