पातेल्यावरची नावं

वराळ्यात जल्मले, कुसगावात दिली. सासरची जमीन बंगल्यांखाली गेली तवा मी बिस्किटाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. आमी बाराजणी. माझ्या शेजारी चिमी, वरल्या ठाकरवाडीची, तोंडानं गरीब पन हात असा चालायचा का बघत ऱ्हावं.

युनियन आली. अध्यक्ष गावातलाच, त्याला आमी दादा म्हनायचो, मी तर राखी बांधायची त्याला. वर्गणी पगारातनंच कापनार, सही सगळ्यांनी करायचीच. चिमी म्हनली, बाय, मला नको हे, माझ्याकडं खानारी तोंडं किती. तर दादानं मला बाजूला घेतलं, म्हनला, ताई, ती तुझं ऐकती, सही न्हाई केली तर तिचं काम टिकायचं न्हाई. आन मी काय केलं, काय सांगू तुमाला, बेलभंडारा उचलला. खंडोबाची आन, अडलीस तर ह्योच पैसा तुझ्या कामी येईल, म्हनले. तिनं माझ्याकडं बघत बघत अंगठा दिला.

मग दादा म्हनला, कामगार भवन बांधू, पोरींची लग्नं तितं होतील. वर्गणी वाढली. आमाला हुरूप लय, आमी बायांनी वेगळे पैसे काढून जेवनावळीचं मोठं पातेलं घेतलं आन दुकानात त्याच्यावर नावं घालून घेतली, बाराच्या बारा, आन युनियनच्या हापिसात ठेवलं. चिमीला वाचता येत न्हाई. बोट फिरवून इचारायची, बाय, हितं मी व्हय? व्हय गं, तूच.

पुढं मशीनात तिची दोन बोटं गेली. कंपनीनं हात झटकले. मी दादाकडं गेले, तो म्हनला, ताई, फंडात खडखडाट हाय, भवनाच्या जागेत अडकलाय पैसा. मी खरं मानलं. माझ्यासारखी येडी मीच. चिमीनं बकऱ्या इकून औषधपानी केलं.

कंपनी सुटल्यावर मी कुसगावातच एका बंगल्यावर भांडी घासायला लागले, शनिवार-रविवारी पाव्हनं येत्यात ना, तसला बंगला; काम माळ्यानं लावून दिलतं, मालक कदी दिसला नव्हता. एकदा मोठी पार्टी होती, माळ्यानं आतनं पातेलं आनून दिलं. घासता घासता हाताला अक्षरं लागली. शेवटचं नाव चिमीचं. माळ्याला इचारलं, मालक कोन रं? म्हनला, युनियनचे साहेब.

तेवढ्यात दादाच आला गाडीतनं. म्हनले, हे पातेलं कुनाचं? हसला. भवन होईस्तवर जपून ठेवलंय की ताई. राखी बांधलेला हात त्यो, आन त्यानंच आमच्या पोटावर मारलं. पातेलं पालथं केलं, डोक्यावर घेतलं, फाटकातनं भाईर पडले. जाता जाता म्हनले, घाल चोरीची केस. न्हाई घातली. अजून अध्यक्षच हाय त्यो.

तशीच ठाकरवाडीला गेले. चिमीपुढं पातेलं ठेवलं, सगळं सांगितलं, म्हनले, चिमे, आपल्याला फसवलं गं दादानं. तिनं उरलेल्या बोटांनी नाव चाचपलं. चिडली न्हाई, रडली न्हाई. म्हनली, बाय, मी दादाला कुटं वळखत होते? मी वर्गणी तुझ्याकडं बघून दिलती.

पातेलं वाडीतच हाय. कुनाच्या घरी कार्य निघालं का चिमी देती. मला बी बोलावनं येतं, देव तिचं भलं करो. मी जाते, पंगतीत बसते, पन तिनं वाढलेला भात घशाखाली उतरत न्हाई.